बीएस्सी ॲग्री करून पुढे नक्की काय काम करावं लागतं? (मुलीच्या ॲडमिशनसाठी सल्ला हवाय)

डोंबिवलीकर_सांगोल्याचे

नमस्कार मंडळी. कन्या यंदा बारावी सायन्स झाली, पीसीएमबी होतं, सीईटी दोन्ही ग्रुपची दिली. मार्क बरे आहेत पण फार भारी नाहीत, म्हणजे सीओईपी, व्हीजेटीआय विसरा, मुंबई-पुण्याच्या आसपासच्या कुठल्यातरी खासगी कॉलेजात कॉम्प्युटर किंवा तिथे नाहीच तर मेकॅनिकल मिळेल. आणि तिच्या मनात आहे बीएस्सी ॲग्री. गावाकडे सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे, धाकटा भाऊ बघतो, सुट्टीत ही तिकडेच पडलेली असते, तेल्या रोगावर माझ्याशी वाद घालते. घरात दोन पार्ट्या झाल्यात. सासरेबुवा म्हणतात शेती करायला डिग्री कशाला, आणि बायको म्हणते चार वर्षं शिकून शेवटी एमपीएससीच्या क्लासलाच बसायचं असेल तर साधं बीएस्सी काय वाईट. मला स्वतःला यातलं काही कळत नाही, मी बँकेत नाही, शेतकी खात्यात नाही, केमिकल कंपनीत परचेसला आहे. तर प्रश्न एवढाच की ही डिग्री घेतलेली माणसं पंचविशी-तिशीत सकाळी उठून नक्की कुठे जातात, काय करतात. ‘स्कोप आहे’ असं मोघम सांगू नका, ते मी क्लासवाल्यांकडून ऐकलंय.

निंबोळी_अर्क

प्रश्न आवडला कारण बहुतेक लोक हा प्रश्न चौथ्या वर्षी विचारतात.

मी राहुरीच्या विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री, आता भाजीपाला बियाण्यांच्या कंपनीत, जालन्यात. आधी बेसिक सांगतो. राज्यात चार कृषी विद्यापीठं, राहुरी, अकोला, परभणी, दापोली. त्यांची स्वतःची सरकारी कॉलेजं वेगळी आणि त्यांच्याशी संलग्न खासगी कॉलेजं वेगळी, आणि खासगी भरपूर आहेत. पुण्याचं शेतकी कॉलेज १९०७ चं, नागपूरचं त्याच्या आगेमागे, धुळे कोल्हापूर नंतरची. कोर्स चार वर्षांचा, शिक्षण इंग्रजीतून. पहिल्या वर्षी ज्यांचं बायो नव्हतं त्यांना बायोचा पेपर आणि ज्यांचं मॅथ्स नव्हतं त्यांना मॅथ्सचा, तुमच्या मुलीला पीसीएमबीमुळे दोन्ही सोपं. मग ॲग्रोनॉमी, सॉइल सायन्स, एंटो (किडी), पॅथो (पिकांचे रोग), हॉर्टी (फळं-भाज्या), ब्रीडिंग, इकॉनॉमिक्स, एक्स्टेन्शन (नवं तंत्र शेतकऱ्यापर्यंत पोचवणं), डेअरी... सगळ्याचं थोडं थोडं. इथेच लोकांची गल्लत होते. ही स्पेशालिस्ट डिग्री नाहीये, सगळ्या शेतीची ओळख करून देणारी आहे. खोलात जायचं तर एमएस्सी.

आता सकाळी उठून कुठे जातो. खासगीत गेलेल्यांपैकी बहुसंख्य सेल्समध्ये. होय, सेल्स. पद ‘फील्ड ऑफिसर’ किंवा ‘टेरिटरी’ काहीतरी असतं. मोटरसायकल, टीए-डीए, दोन-तीन तालुके. सकाळी डीलरकडे, माल किती उरला, पेमेंट कधी देतो. दुपारी शेतकऱ्याच्या प्लॉटवर, आपल्या मिरचीशेजारी दुसऱ्या कंपनीची मिरची लावलेली असते ती बघायची, फोटो काढायचे. संध्याकाळी गावात पारावर मीटिंग, शंभर खुर्च्या सांगायच्या, चाळीस लोक येतात, त्यातले निम्मे वडापावसाठी. मे-जून म्हणजे युद्ध. पावसाने ओढ दिली की डीलर माल परत करायला बघतो आणि वरून साहेबाचा फोन चालूच. बी उगवलं नाही म्हणून तक्रार झाली की तालुका समितीचा पंचनामा असतो, तिथे कंपनीतर्फे उभं राहायचं, समोर ज्याचा हंगाम गेलाय तो माणूस. हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

मला हे काम आवडतं. पण माझ्या बॅचचे किमान निम्मे लोक दोन वर्षांत सोडून गेले कारण त्यांना वाटलं होतं आपण ‘शास्त्रज्ञ’ होणार. मुलीला अनोळखी माणसाशी बोलायला आवडतं का, हा पहिला प्रश्न. झाडाशी बोलायला आवडतं हे पुरेसं नाही.

कट्ट्यावरचा

ॲग्री म्हणजे एमपीएससीची वेटिंग रूम. सदाशिव पेठेत अभ्यासिकेत दगड मारा, ॲग्रीवाल्याला लागेल.

निंबोळी_अर्क

@कट्ट्यावरचा दगड मारायच्या आधी इंजिनिअर बाजूला करा, नाहीतर ॲग्रीवाल्यापर्यंत पोचणारच नाही.

रेशीमकिडा

डोंबिवलीकर दादा, मी मुलगी असून या लाईनीत आहे म्हणून लिहिते. परभणीहून बीएस्सी ॲग्री, आता एका सरकारी बँकेत एएफओ, म्हणजे ॲग्रीकल्चर फील्ड ऑफिसर. ही पदं आयबीपीएसच्या, म्हणजे सरकारी बँकांची भरती करणाऱ्या संस्थेच्या, स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेतून भरतात, स्केल वन, म्हणजे अधिकाऱ्याची पहिली पायरी. वय वीस ते तीस. प्रिलिमला इंग्रजी, रीझनिंग, गणित. मेन्सला सगळे प्रश्न शेतीचे, आणि मग इंटरव्ह्यू. नुसतं साधं बीएस्सी बॉटनी करून इथे बसता येत नाही, चार वर्षांची शेती किंवा संलग्न विषयाची डिग्रीच लागते, म्हणून वहिनींचा जो मुद्दा आहे ना ‘साधं बीएस्सी काय वाईट’, त्याला हे उत्तर. दरवाजे कमी आहेत पण आत गर्दी इतरांपेक्षा कमी आहे. ॲग्री, हॉर्टी, फॉरेस्ट्री, फिशरीज, व्हेटर्नरी, डेअरी, फूड टेक, ॲग्री इंजिनिअरिंग अशा ठराविक डिग्र्यावालेच स्पर्धेत असतात. बेसिक आता अठ्ठेचाळीस हजार चारशे ऐंशीपासून, वर डीए वगैरे. आमच्याकडे ॲग्रीच्या मुलांचं हे नंबर एकचं टार्गेट असतं, एमपीएससी दोन नंबरला, असं निदान आमच्या बॅचला होतं.

काम काय? पीक कर्ज, केसीसीचं (किसान क्रेडिट कार्डाचं) नूतनीकरण, ट्रॅक्टर, ठिबक, पॉलिहाऊस, गोठा यांच्या फाईली. कर्ज द्यायच्या आधी जागेवर जाऊन बघायचं आणि दिल्यावर परत जाऊन बघायचं. गोठ्यात शिरून म्हशीच्या कानातला बिल्ला आणि फाईलमधला नंबर जुळतो का ते बघते मी, आणि म्हैस मान हलवत असते, मालक म्हणतो मॅडम लांबून बघा, मारकी हाय. ट्रॅक्टरचा चेसिस नंबर चिखल खरवडून वाचायचा. मार्च आला की वसुली, आणि वसुलीला गेलं की चहा आधी येतो मग रडगाणं, आणि रडगाणं बहुतेक वेळा खरं असतं. पोस्टिंग देशात कुठेही, माझं पहिलं छत्तीसगडात होतं. भाषा, घर, एकटीने राहणं, सगळं आलं. मुलगी त्याला तयार असेल तर उत्तम नोकरी आहे. विमा विकायचं टार्गेट पण असतं हं, ते कुणी सांगत नाही.

खासगी सेल्समध्ये मुली कमी दिसतात हे खरं आहे. रात्री आठला आडगावातून गाडीवर परत यायचं, घरचे घाबरतात. पण कंपन्यांच्या आर अँड डीत, टिश्यू कल्चर लॅबमध्ये, एक्स्पोर्टच्या पॅकहाऊसमध्ये, रेसिड्यू टेस्टिंग लॅबमध्ये मुली खूप आहेत.

डोंबिवलीकर_सांगोल्याचे

ताई, निंबोळीराव, मनापासून आभार. असंच हवं होतं. आता पुढचे प्रश्न. १) सरकारी कॉलेज लांबचं मिळालं आणि खासगी जवळचं मिळालं तर काय? २) कृषी खात्यातल्या नोकऱ्यांचं नीट कुणी सांगेल का, मंडल अधिकारी, तालुका अधिकारी, सहाय्यक, माझा गोंधळ होतो. ३) फी.

अकोटचा_संत्रा

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण भोगलंय. बारावीनंतर घरापासून पंधरा किलोमीटरवर खासगी कॉलेज मिळालं म्हणून तेच घेतलं, डबा घरचा, खर्च कमी. कॉलेजचं नाव घेत नाही. कागदावर शेत होतं, प्रत्यक्षात गेटजवळ तुरीच्या चार ओळी आणि एक बंद पडलेलं शेडनेट. कीटकांचा संग्रह करायचा असतो एंटोला, पेटीत टाचणीनं किडे टोचून, तो सिनियरकडून विकत मिळायचा, मागच्या वर्षीचेच किडे, नुसतं लेबल नवीन. तपासणीची टीम यायची तेव्हा शिक्षक अचानक वाढायचे. आता सगळीच खासगी अशी नाहीत, काही खरंच चांगली आहेत, स्वतःची दीडशे-दोनशे एकर आहे, मुलं तिथं राबतात. कृषी परिषदेने खासगी कॉलेजांना श्रेण्याही दिल्या होत्या, त्या शोधून बघा. पण काकाजी माझं ऐका, ॲडमिशनच्या आधी एकदा स्वतः जा, आणि प्रिन्सिपलला भेटू नका, थेट शेतावर जा. रब्बीत काय पेरलं होतं ते तिथल्या मजुराला विचारा. मजूर खोटं बोलत नाही, त्याले कायले काय पडलं.

सरकारी लांबचं मिळालं तरी घ्या. होस्टेलवर राहिल्याशिवाय ॲग्री कळत नाही. आमच्या अकोल्याच्या विद्यापीठात गेलेले मित्र पहाटे प्लॉटवर असायचे, आम्ही पहाटे झोपेत.

माजी_मंडल

दोन नंबरच्या प्रश्नाचं उत्तर. कृषी विभागातून निवृत्त झालो. खालून वर सांगतो.

गावपातळीवर कृषी सहायक. २०२५ ला संघटनेच्या मागणीवरून पदनाम बदलून सहायक कृषी अधिकारी केलं. कृषी पर्यवेक्षकाचं उप कृषी अधिकारी झालं. भरती होताना आधी कृषी सेवक म्हणून ठरावीक मानधनावर काही वर्षं काढावी लागतात, मानधन सहा हजार होतं ते २०२३ ला सोळा हजार केलं. इथे पदविकावालेही पात्र असतात, म्हणजे डिग्रीवाल्याला पदविकावाल्याशी स्पर्धा करावी लागते, हे लक्षात असू द्या. काम म्हणजे पंचनामे, पंचनामे आणि पंचनामे. गारपीट झाली पंचनामा, अळी आली पंचनामा. शिवाय महाडीबीटीवरचे, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवरचे, ठिबक, यांत्रिकीकरणाचे अर्ज, फळबाग लागवड, शेतीशाळा. लॅपटॉपसाठी सुद्धा आंदोलन करावं लागलं या पोरांना.

वरची पदं एमपीएससीतून. मंडळ कृषी अधिकारी हा कनिष्ठ गट ब, तालुका कृषी अधिकारी गट ब, कृषी उपसंचालक गट अ. पूर्वी कृषी सेवेची पूर्व परीक्षा स्वतंत्र होती, आता राज्यसेवेसोबत संयुक्त पूर्व परीक्षा आहे आणि मुख्य परीक्षा वेगळी. याचा परिणाम असा की ॲग्रीच्या मुलाला आता पूर्व परीक्षेत इतिहास-राज्यशास्त्रात सगळ्यांशीच झुंजायचं आहे. जाहिरात दरवर्षी येईलच असं धरून चालू नका, जागा किती येतील तेही. कट्ट्यावरचे साहेब टोमणा मारतात पण त्यात तथ्य आहे, चांगली हुशार पोरं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत तिथंच अडकलेली मी पाहिलीत. माझं मत, एमपीएससी द्यायची असेल तर नोकरी धरून द्या.

इंडियन फॉरेस्ट सर्व्हिसला पण ॲग्रीची डिग्री चालते. आमच्या काळात कुणी सांगितलं नव्हतं.

भाकरवडी

अवांतर आहे पण विचारते, ॲग्रीच्याच सीईटीतून फूड टेक मिळतं ना? माझ्या भाच्याला ते हवंय.

रेशीमकिडा

@भाकरवडी हो. बीटेक फूड टेक्नॉलॉजी, बीटेक ॲग्री इंजिनिअरिंग, बायोटेक, हॉर्टीकल्चर, फॉरेस्ट्री, कम्युनिटी सायन्स हे सगळे त्याच प्रवेश प्रक्रियेत असतात. फूड टेकला परभणीचं कॉलेज जुनं आणि नावाजलेलं. व्हेटर्नरी मात्र ‘नीट’ परीक्षेवरून, ते नागपूरच्या माफसू या पशुवैद्यकीय विद्यापीठाकडे. ग्रुप कुठला चालतो ते त्या त्या कोर्सचं माहितीपत्रक बघून पक्कं करा, दरवर्षी बघा, मागच्या वर्षीच्यावर जाऊ नका.

हापूसखोर

सगळे नोकरीवर बोलताय, संशोधनाचं कुणी काढलं नाही म्हणून मी. दापोलीला बीएस्सी, मग एमएस्सी प्लांट ब्रीडिंग परराज्यात, आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) परीक्षेतून फेलोशिप मिळाली, आता पीएचडी. मजा आहे का? आहे. भाताच्या फुलातला पुंकेसर चिमट्यानं काढताना सकाळचे दोन तास कसे जातात कळत नाही, डोळे मात्र जातात. पण हिशोबही सांगतो. बीएस्सी चार, एमएस्सी दोन, पीएचडी किमान तीन, प्रत्यक्षात चार-पाच. विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आणि भरती मात्र निघत नाही. एआरएस (कृषी संशोधन सेवेची परीक्षा) झालो तर आयसीएआरचा शास्त्रज्ञ, ती परीक्षा अवघड. नाहीतर बियाणे कंपन्यांच्या ब्रीडिंग विभागात, तिथे पैसा बरा आहे. घरात कमावण्याची घाई नसेल आणि मुलीला खरंच ‘का’ हा प्रश्न छळत असेल तरच. तेल्यावर वाद घालते म्हणालात ना, त्या वादात ती नुसतं औषधाचं नाव सांगते का तो जिवाणू कसा पसरतो ते सांगते, एवढं बघा.

आणि एक, आयसीएआरची मान्यता बघून घ्या. हल्ली बऱ्याच खासगी विद्यापीठांनी ॲग्री चालू केलंय, इमारत चकाचक असते. मान्यता नसलेल्या ठिकाणची डिग्री घेतली तर पुढे आयसीएआरच्या कोट्यातून एमएस्सीला अडचण येते.

द्राक्षबागाईतदार

निफाड. आमच्याकडचं सांगतो, शेतकऱ्याच्या बाजूने. माझ्या बागेत सल्लागार येतो तो ॲग्रीवालाच आहे, तिशीतला. आधी औषध कंपनीत होता, मग सोडून स्वतःचं चालू केलं. छाटणी ते काढणी, ठरलेल्या व्हिजिट, एकरी फी. पान-देठ परीक्षणाचा रिपोर्ट बघतो, घड मोजतो, जीएचं डिपिंग (घड संजीवकात बुडवणं) कधी ते सांगतो. युरोपला माल जायचा तर कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं हे त्याच्याशिवाय मी ठरवत नाही, कारण सॅम्पल फेल झालं तर अख्खा प्लॉट लोकल मार्केटला. ऑक्टोबरात त्याला फोन लागत नाही एवढा बिझी. चार पैसे तुमच्या कुठल्याही इंजिनिअरपेक्षा कमी कमावत नसेल. पण हे पहिल्या दिवशी होत नाही. डिग्रीवर कुणी बागेत पाऊल ठेवू देत नाही हो, एखाद्याची बाग वाचवली की दुसरा बोलावतो.

डाळिंबाला तर असे सल्लागार सोन्याच्या भावाने जातील, सांगोला-आटपाडी-पंढरपूर पट्ट्यात मर आणि तेल्या दोन्हीने लोक जेरीस आलेत. सोलापूरला आयसीएआरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रच आहे, मुलीला सुट्टीत एकदा दाखवून आणा.

कृषी सेवा केंद्र पण आहे. औषधाच्या लायसनला शिक्षणाची अट घातली, त्यामुळे ॲग्रीवाल्याला सरळ मिळतं. खत, बियाणं, औषध तिन्हीची लायसन वेगळी. हैदराबादच्या मॅनेज संस्थेची ॲग्री क्लिनिक योजना आहे, पंचेचाळीस दिवसांचं ट्रेनिंग, कर्जावर नाबार्डमार्फत ३६ टक्के आणि महिलांना ४४ टक्के सबसिडी. मात्र दुकान म्हणजे उधारी, आणि उधारी वसूल करायला जी जीभ लागते ती चार वर्षांत कुणी शिकवत नाही.

कट्ट्यावरचा

एवढं वाचून मी बीएस्सी ॲग्रीला फॉर्म भरणार होतो, वय आडवं आलं. गंमत सोडा. माझा मुद्दा असा की इंजिनिअरिंगला निदान कॅम्पस असतो.

निंबोळी_अर्क

@कट्ट्यावरचा कॅम्पस इकडेही येतो, सरकारी कॉलेजांत. येणाऱ्या कंपन्या सेल्ससाठी येतात हा फरक. आणि दादांनी इंजिनिअरिंगचं जे ऑप्शन लिहिलंय त्या खासगी कॉलेजात मेकॅनिकलला कॅम्पस काय येतो ते पण एकदा विचारून घ्या. तुलना करायची तर मिळणाऱ्या कॉलेजची मिळणाऱ्या कॉलेजशी करा, आयआयटीची ॲग्रीशी नको. ॲग्री झाल्यावर एमबीए ॲग्रीबिझनेस हाही एक चांगला रस्ता आहे, हैदराबादचं मॅनेज, आणंदचं इर्मा, अहमदाबाद आयआयएमचा फूड अँड ॲग्री बिझनेसचा कोर्स. तिथून जे बाहेर पडतात ते माझ्या साहेबांचे साहेब होतात.

कृषीकन्या_फायनल_इयर

हाय काका, मी सध्या शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापूर. पूर्ण धागा वाचला. सगळे सिनियर लोक बोलले म्हणून मी फक्त शिकण्याचं सांगते. सातव्या सेमला रावे (ग्रामीण कृषी कार्यानुभव) असतं, गावात राहून काम करायचं असतं, आम्हाला कृषीकन्या म्हणतात आणि मुलांना कृषीदूत, लोकल पेपरात ‘कृषीकन्यांनी दिले प्रात्यक्षिक’ अशी बातमी आणि ग्रुप फोटो येतो, आई ती कात्रणं जमा करते 😄 आम्ही बोर्डो मिश्रण करून दाखवत होतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, दोन्ही वेगळं विरघळवायचं, मोरचूद प्लास्टिकच्या टाकीत कारण लोखंड चालत नाही, आणि शेवटी त्यात विळा बुडवून बघायचा, तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय. मी पाठ केलेलं धडाधड बोलत होते तर एक आजोबा म्हणाले पोरी, चुना भिजवून गाळलास का, नाहीतर नोझल चोंदतंय. गाळला नव्हता. त्या एका सेममध्ये मला कळलं की मला एक्स्टेन्शनच करायचंय, आणि माझ्या रूममेटला कळलं की तिला हे आयुष्यात परत करायचं नाहीये 😂 ती आता बँकेचा अभ्यास करतेय.

नवीन अभ्यासक्रमात, म्हणजे आमच्या नंतरच्या बॅचेसना, पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय पण आली आहे. त्यामुळे समजा नाहीच जमलं तर अगदी सगळं वाया असं नाही.

फीचं: ८ जुलै २०२४ चा जीआर बघा. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, ॲग्री त्यात आहे. पण ॲडमिशन कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवी, मॅनेजमेंट कोट्याला नाही. होस्टेल, मेस, रावेचा खर्च वेगळा धरा.

डोंबिवलीकर_सांगोल्याचे

आमचं उत्पन्न थोडं वर जातंय, पण सरकारी कॉलेजची फी झेपेल. कन्येला धागा वाचायला दिला. म्हैस मारकी हाय वर हसली आणि सेल्सच्या परिच्छेदावर गप्प झाली. आता म्हणतेय आधी सोलापूरचं डाळिंब केंद्र आणि एक सरकारी कॉलेज बघून येऊ. मग ऑप्शन फॉर्म. सातबाऱ्याचं काय करायचं असतं, तो वडिलांच्या नावावर आहे, माझ्या नाही, वाटण्या व्हायच्यात.

माजी_मंडल

सातबारा असेल तर गुणांमध्ये भर पडते. कोणाच्या नावावरचा चालतो आणि त्यासोबत कुठला दाखला जोडायचा ते यंदाच्या माहितीपत्रकात शब्दशः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. वाटण्या ॲडमिशनसाठी घाईने करू नका, भावाभावांत नसती भानगड. सातबारा डिजिटल सहीचा महाभूमीवरून काढा, तलाठ्याकडे चकरा नकोत. राखीव प्रवर्ग असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर आत्ताच बघा, नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, लोक मागच्या वर्षीचंच घेऊन येतात आणि मग जूनमध्ये सेतू केंद्रासमोर रांग लावतात.

भाकरवडी

नॉन-क्रिमीलेअरला किती दिवस लागतात हल्ली? भाच्याचं अजून काढलेलं नाहीये.

माजी_मंडल

गर्दीच्या दिवसांत पंधरा-वीस दिवस धरा. उद्याच जा, आणि भाच्याचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला विसरू नका.